टेबल. जुनं. डाग आहेत.

आमच्या दुकानात 'महाग' हा शब्द उच्चारायला बंदी आहे. शिवी एक वेळ चालते, मालक स्वतःच देतात, विशेषतः टेम्पोवाल्याला. पण गिऱ्हाइकासमोर कुणी 'महाग' म्हटलं की त्यांचा चेहरा असा होतो, जणू कुणीतरी त्यांच्या पायावर कपाट ठेवलंय. 'स्वस्त' या शब्दावर तर त्याहून कडक बंदी आहे.

दुकान जुन्या, उंची सामानाचं. लोक आपल्या घरातल्या वस्तू आणून ठेवतात, आम्ही त्या विकतो आणि मधला वाटा मालक घेतात. मी तिथे चिठ्ठ्या लिहिते. प्रत्येक वस्तूला दोऱ्याने एक जाड कागदाची चिठ्ठी बांधलेली असते, तिच्यावरचा मजकूर माझा. म्हणून मालक मला लेखिकाबाई म्हणतात. पगारवाढीचा विषय काढला की मात्र नुसतंच 'अहो' म्हणतात आणि खिडकीबाहेर बघतात.

या कामाला एक शास्त्र आहे, ते मला शिकायला बरेच दिवस लागले. वस्तू जितकी हलकी, तितके शब्द जड. पत्र्याचा दिवा असेल आणि वर सोनेरी रंग फासलेला असेल, तर त्याला मी 'राजेशाही थाटाचा, नजर खिळवून ठेवणारा, आपल्या दिवाणखान्याची शान वाढवणारा' अशी तीन-चार विशेषणांची झूल चढवते. ज्याच्याकडे दिवाणखाना नसतो तोच हा दिवा घेतो, आणि खुश होऊन जातो. जरा बरी वस्तू असेल तर शब्द कमी करायचे. 'उंची, निवडक, जाणकारांसाठी' एवढं पुरतं, कारण आपण जाणकार नाही असं कोण कबूल करणार? आणि वस्तू खरोखरच डोळे फिरवणाऱ्या किमतीची असेल, तर चिठ्ठीवर फक्त 'खुर्ची. शिसवी.' एवढंच लिहायचं आणि पेन बंद करायचं. किंमत लिहायचीच नाही. ती मालक गिऱ्हाइकाला आतल्या खोलीत नेऊन हळू आवाजात सांगतात, डॉक्टर रिपोर्ट सांगतात तशी.

माझ्या आईकडे याच कामाचे वेगळे शब्द आहेत. 'अव्वाच्या सव्वा सांगतोय मेला.' 'काय सोनं लावलंय का त्याला?' 'भाव ऐकूनच पोट भरलं, आता घ्यायला नको.' आमच्या दुकानात ती एकदा आली होती. नक्षीदार चौकटीच्या मोठ्या आरशासमोर उभी राहिली, मान इकडून तिकडे केली आणि साखरभाऊला विचारलं, "यात पण आपणच दिसतो ना?" साखरभाऊ म्हणजे आमचा विक्रेता. त्याच्या जिभेवर इतकी साखर आहे की मुंग्या कशा लागत नाहीत याचं मला नवल वाटतं. त्या दिवशी मात्र तो नुसताच आरसा पुसायला लागला.

तर ही माझी आई, बाबा गेल्यावर एकटी राहत होती. माझ्याकडे ये, माझ्याकडे ये, असं मी तिच्या किती मागे लागले होते. माझा नवरा म्हणाला, मी म्हणाले, शेवटी तिच्या शेजारणीनेही सांगून पाहिलं. एकदाची ती हो म्हणाली. मी इतकी खुश झाले की तिने हो म्हणताना तोंड जरा फिरवलं होतं, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

बाबा पुस्तकं बांधायचे. उसवलेली, फाटलेली, पाठीत मोडलेली पुस्तकं लोक आणून द्यायचे आणि बाबा ती आमच्या घरातल्या टेबलावर शिवायचे. हे टेबल म्हणजे मुळात दार. एक छापखाना बंद पडला, त्याचं सागवानी दार बाबांनी आणलं आणि त्याला चार पाय ठोकले. कडीच्या जागचं भोक लाकडाच्या तुकड्याने बुजवलं, ते अजून कळतं. दिवसभर त्यावर पुठ्ठे, सरस आणि दाभण. संध्याकाळ झाली की बाबा ते ओल्या फडक्याने पुसायचे आणि आम्ही त्याच्यावर ताटं मांडायचो. त्यामुळे लहानपणी आमच्या जेवणाला कायम सरसाचा वास यायचा, आणि पुष्कळ लोकांच्या पुस्तकांना आमच्या कांद्याचा येत असणार.

आईचं आणि त्या टेबलाचं कधी पटलं नाही. ती त्याला 'धूड' म्हणायची. जाता-येता त्याचा कोपरा तिच्या मांडीला लागायचा आणि बाबांच्या नावाने उद्धार व्हायचा. बाबा हसायचे आणि पुढचं पुस्तक ओढायचे.

आणि परवा सकाळी मी दुकानात पोहोचले तर हेच टेबल चारी पाय वर करून दारात पडलेलं. टेम्पोवाला घाम पुसत होता.

"तुमच्या आईंचा फोन आला होता," मालक म्हणाले. "म्हणाल्या, मुलीला कामाच्या वेळेला त्रास नको, तुम्हीच घेऊन जा."

मी तिथल्या तिथे आईला फोन लावला.

"टेबल इथे काय करतंय?"

"विकायला पाठवलंय. तुझंच दुकान आहे ना?"

"अगं पण मला विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"अर्थात नाही म्हणाले असते!"

"मग? कशाला विचारायचं?" आई म्हणाली. "तुझ्या दोन खोल्यांत दार मावतंय का ते? एक बॅग आणि एक पिशवी, बास. लेकीच्या घरी जायचं ते हलकं होऊन जायचं." आणि तिने फोन ठेवला. वाद जिंकायची तिची ही पद्धत मला जन्मापासून माहीत आहे.

मला ते टेबल हवं होतं. किती हवं होतं ते उलटं पडलेलं बघेपर्यंत मलाही माहीत नव्हतं. पण दुकानाचे दोन नियम आहेत. एक, दुकानात आलेली वस्तू कामावरच्या माणसाने स्वतःसाठी अडवायची नाही. माझ्या आधी जो चिठ्ठ्या लिहायचा, तो चांगल्या चांगल्या वस्तू चादरीखाली झाकून ठेवायचा आणि नंतर त्या त्याच्या मेव्हण्याच्या घरी निघायच्या. तेव्हापासून हा नियम. दुसरा नियम म्हणजे, ज्याची वस्तू त्याने गिऱ्हाइकासमोर येऊन स्वतःच्या तोंडाने हो म्हणायचं, तरच सौदा पक्का. नंतर 'मी विकलंच नव्हतं' अशी भांडणं नकोत म्हणून. म्हणजे टेबल वाचवायचं तर आईनेच नको म्हणायला हवं. आणि आईचं मन वळवायला मला थोडे दिवस हवे होते. तोवर कुणी गिऱ्हाईक त्याच्याकडे फिरकू नये, एवढीच माझी इच्छा.

"लेखिकाबाई, याला जरा तिखटमीठ लावा," मालकांनी टेबलाकडे बघून नाक मुरडलं. "लाकूड चांगलं आहे, पण अवतार बघा. चार ओळी तरी लागतील." आणि ते बँकेत गेले.

मी चिठ्ठी घेतली. चार ओळी? एक विशेषण लावणार नाही, म्हटलं. आणि लिहिलं: 'टेबल. जुनं. डाग आहेत.'

लिहून मला फार बरं वाटलं. डाग आहेत असं सांगितल्यावर कोण घेतंय? मी टेबल एका मोडक्या झोपाळ्यामागे सरकवलं, चिठ्ठी बांधली आणि समोर चहा प्यायला गेले. एवढी वर्षं चिठ्ठ्या लिहिणारी बाई मी, आणि त्या क्षणी मला काहीही आठवलं नाही. मी मुलगी म्हणून लिहिलं होतं, आणि चिठ्ठी मात्र दुकानाचीच होती.

चहा पिऊन परत आले तर झोपाळ्यामागची जागा रिकामी.

साखरभाऊला सामानातलं ओ की ठो कळत नाही. हे तो लपवतही नाही. सागवान आणि फणस यातला फरक त्याला माझी चिठ्ठी वाचून कळतो. त्याने चिठ्ठी वाचली. एकही विशेषण नाही! त्याने टेम्पोवाल्याला हाक मारून टेबल आतल्या खोलीत नेलं, तिथली दोन कपाटं बाहेर काढली, टेबल एकटंच मधोमध ठेवलं आणि वरचा दिवा लावला. बाबांचं टेबल देवासारखं उजेडात उभं होतं.

"ताई, मानलं तुम्हाला," तो माझ्या कानाशी कुजबुजला. "'डाग आहेत'! एवढं लिहायला छाती लागते. कुणाकडून आलंय? नको, सांगू नका. मोठं नाव असणार."

"अरे, ते माझ्या आईचं टेबल आहे!"

"कळलं," साखरभाऊने डोळा मारला. "विचारलं कुणी तर मी काहीच बोलणार नाही."

मी चिठ्ठी सोडवायला धावले. पण गाठ माझीच, घट्ट मारलेली. ती सुटायच्या आत दारातून बंगलेवाल्या बाई आत आल्या.

बंगलेवाल्या बाई आमच्या सगळ्यात वरच्या गिऱ्हाईक. त्या बाहेरच्या दालनात थांबत नाहीत. चार शब्दांपेक्षा मोठी चिठ्ठी दिसली की त्यांना जरा मळमळल्यासारखं होतं. त्या सरळ आतल्या खोलीत गेल्या, चिठ्ठी वाचली आणि पर्स साखरभाऊच्या हातात दिली. त्यांनी पर्स दिली की पुढे काहीतरी होतं, हे आम्हाला माहीत आहे.

"हे डाग कसले?" त्यांनी टेबलावरून बोट फिरवलं.

"सरसाचे," मी म्हणाले. खरं बोललं की त्यांना किळस येईल, असं मला अजूनही वाटत होतं. "जनावरांच्या हाडांपासून बनवतात. वास मारतो."

"हाडांपासून," बाई पुटपुटल्या. "आणि हा गोल?"

"गरम भांडं ठेवलं होतं कुणीतरी."

"आणि इथे भोक होतं वाटतं?"

"कडीचं. हे टेबल नाहीच. दार आहे. कुणीतरी नुसते पाय ठोकलेत."

बाईंनी डोळे मिटले. "किती साधं!" त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून 'साधं' हा शब्द कधी येतो ते मला ठाऊक आहे. मागे एकदा आला होता, त्या पैशांत मालकांनी गच्चीवर खोली बांधली. मी एकेक खरं सांगत होते आणि टेबलाची किंमत जिन्याने वर चढत होती.

एवढ्यात मालक बँकेतून परतले. त्यांनी बाईंना पाहिलं, आतल्या दिव्याखालचं टेबल पाहिलं, माझी चिठ्ठी पाहिली. त्यांना क्षणभर काही समजेना, पण धंदेवाईक माणूस, समजायची वाट बघत बसला नाही. बाईंच्या कानाशी लागून त्यांनी एक आकडा सांगितला. बाईंनी पापणीही हलवली नाही. मालक तसेच ऑफिसात घुसले आणि आईला फोन लावून म्हणाले, "ताबडतोब या, गिऱ्हाईक उभं आहे!" मग त्यांनी दार लावून घेतलं. चहा, बिस्किटं, नवं पावतीपुस्तक, त्यांची एकच धांदल उडाली.

आई दुकानाच्या मागच्याच गल्लीत राहते. चप्पल घालून निघाली की पोहोचली. आता ती येणार, हो म्हणणार आणि टेबल जाणार, त्या बंगल्यात, जिथे त्याच्यावर कधी कुणी जेवणार नाही की भांडणार नाही. माझ्या डोळ्यांसमोर अंधारी आली. आणि मग एकदम डोक्यात उजेड पडला. मला बाईंना पळवायचंय ना? मग मी खरं कशाला बोलतेय?

मी पदर सावरला आणि घसा साफ केला.

"बाई," मी म्हणाले, "हे नुसतं टेबल नाही. हे साक्षात वैभव आहे!"

बाईंनी चमकून माझ्याकडे पाहिलं.

"काय याचा तो राजेशाही थाट! काय ती घडण! डोळ्यांचं पारणं फिटावं! ज्या घरात हे जाईल त्या घराचा नूर पालटेल. पाहुणे नुसते बघत राहतील. शेजारी जळतील!"

'शेजारी जळतील'ला बाईंनी एक पाऊल मागे घेतलं. हे मी पत्र्याच्या दिव्यांवर लिहिते. साखरभाऊ तोंड उघडं टाकून बघत होता. त्याच्यासाठी टेबलाचं लाकूड माझ्या प्रत्येक वाक्यागणिक बदलत असणार.

"लाखात एक!" मी आवाज चढवला. "असं दुसरं शोधून दाखवा! कारागिरीचा अप्रतिम नमुना! पिढ्यान्पिढ्या टिकणारं, कितीही राबवा, कधी कुरकुरणार नाही! दिमाखदार, ऐसपैस, साऱ्या घराला पुरून उरणारं!"

बाईंनी साखरभाऊच्या हातातून आपली पर्स काढून घेतली. "मला वाटलं होतं काहीतरी वेगळं आहे," त्या थंडपणे म्हणाल्या आणि निघाल्या. माझं काम झालं होतं. मी थांबायला हवं होतं. पण मला थांबताच येईना.

"ज्या हातांनी हे बनवलं त्या हातांना तोड नाही," मी म्हणत होते, आता कुणाला ते मलाच माहीत नाही. "त्या हातांनी कधी एक टाका वाकडा घातला नाही. याचं मोल करता येणार नाही. कुणाला करता येणार नाही." माझा आवाज चिरकला आणि नाक वाहायला लागलं. अशा वेळी माणूस रुबाबदार दिसत नाही.

नाक पुसायला वळले तर दारात आई उभी. हातात पिशवी, पायात घाईत घातलेल्या दोन वेगळ्या चपला. बंगलेवाल्या बाई तिच्या शेजारून निघून गेल्या, तिकडे तिचं लक्षही नव्हतं.

"हे सगळं आपल्या टेबलाबद्दल?" तिने विचारलं.

मी पदराने नाक पुसलं.

आई हळूहळू पुढे आली. दिव्याखाली ते टेबल तिने असं पाहिलं जणू पहिल्यांदाच बघतेय. कडीच्या भोकावर तिने अंगठा ठेवला.

"त्यांना मी एवढ्या वर्षांत एक शब्द चांगला बोलले नाही याच्याबद्दल," ती म्हणाली. "धूड, धूड करत राहिले. ते आपले हसायचे. मला वाटायचं, त्यांना काही वाटत नसेल." मग म्हणाली, "ऐकायला हवं होतं गं त्यांनी हे."

"आई, मला हे हवंय," मी म्हणाले. "विकू नकोस."

"आणि ठेवणार कुठे?"

"सोफा काढून टाकू."

"जावई कुठे बसतील?"

"टेबलाशी बसेल. माणसं बसतात टेबलाशी."

"नको बाई. मीच येतेय तुझ्याकडे, ते काय कमी आहे? वर आणखी हे ओझं." तिने हे नेहमीच्या सुरात म्हटलं, भाजीचा भाव सांगावा तसं. आणि तेव्हा मला त्या दिवशी तिने तोंड का फिरवलं होतं ते कळलं. मला तिचा इतका राग आला, आणि इतकं वाईट वाटलं, की दोन्ही एकदमच बाहेर पडलं.

"हलकी होऊन कशाला येतेस?" मी ओरडलेच. "पाहुणी आहेस का? दोन दिवसांनी परत जायचंय का तुला? सगळं घेऊन ये! ते टेबल आण, ते फुटकं घमेलं आण, तुझ्या त्या सगळ्या बरण्या आण! मला तू हवीस, बॅगेत मावेल एवढी नको!"

साखरभाऊ हळूच बाहेर सटकला. त्याला बाकी काही कळो न कळो, खोली केव्हा सोडावी ते कळतं.

आईने पिशवीतून रुमाल काढून मला दिला, मी लहान असताना द्यायची तसा, तोंडाकडे न बघता. तेवढ्यात मालक हातात पावतीपुस्तक घेऊन ऑफिसातून बाहेर आले, मागून चहावाला.

"या ताई, या! तुमचं नशीब उघडलं! बाई कुठे आहेत?"

"मला विकायचं नाहीये," आई म्हणाली.

मालकांनी माझ्याकडे बघितलं. मग रिकाम्या दाराकडे, मग परत माझ्याकडे. साखरभाऊने बाहेरून त्यांना काय झालं ते दोन वाक्यांत सांगितलं. मालकांनी कपाळाला हात लावला.

"लेखिकाबाई," ते म्हणाले, "चार ओळी चिठ्ठीवर लिहायला सांगितल्या होत्या. तोंडाने म्हणायला नाही." मग त्यांनी चहावाल्याच्या हातातला बाईंसाठीचा कप उचलला आणि स्वतःच पिऊन टाकला. टेम्पोचं भाडं माझ्या पगारातून कापायचं ठरलं. मी मुकाट्याने हो म्हटलं.

टेबल माझ्या घरी न्यायचं ठरलं, पण टेम्पोत पुढे एकच जागा होती. आई म्हणाली, मी टेबलाबरोबरच बसते. म्हणून आम्ही दोघी मागे चढलो. टेबल पुन्हा उलटं, चार पाय वर, आणि त्या पायांच्या मधे आम्ही दोघी, दाराच्या पाठीवर. ती एका पायाला धरून, मी दुसऱ्याला. वळणावर टेम्पो कलला की आई टेम्पोवाल्याचा उद्धार करायची. टेबलाला मात्र काही म्हणाली नाही.

सिग्नलला थांबल्यावर तिने विचारलं, "काय काय म्हणालीस मघाशी? परत सांग."

"आई, ते खरं नसतं. ते मी फालतू वस्तूंवर लिहिते. खपत नाहीत अशा."

"असू दे. सांग."

मग मी सांगितलं. साक्षात वैभव. राजेशाही थाट. डोळ्यांचं पारणं. शेजारच्या स्कूटरवरचा माणूस आमच्याकडे बघत होता. लाखात एक म्हणेपर्यंत मी ठीक होते. पुढचं मात्र मला म्हणता येईना.

"हातांना तोड नाही," आईने आठवण करून दिली.

"हातांना तोड नाही," मी म्हणाले.

आईने मान हलवली. "आणि असं लिहिलेलं कुणी घेत नाही म्हणतेस?"

"शहाणं माणूस तर मुळीच नाही."

"मग बरंय," आई म्हणाली आणि टेबलाचा पाय आणखी घट्ट धरला. "म्हणजे आता आपल्याकडेच राहील."